वेंडेल सेडलाचेकचा नियम

वेंडेल सेडलाचेक वाईट माणूस होता, असं मी म्हणणार नाही. वाईट व्हायलाही अंगात धमक लागते. वेंडेलच्या अंगात होती ती फक्त इस्त्री. पँटची घडी अशी की तिनं लोणी कापावं. होममधले सैनिक त्याच्या माघारी त्याला इस्त्रीच म्हणायचे. 'इस्त्री आली', 'इस्त्री तापलीय', 'इस्त्री आज ओमाहाला गेलीय, निवांत बसा'. चौदा वर्षं त्यानं हॅलोरन होम, युद्धावरून आलेल्या सैनिकांचं घर, चालवलं आणि चौदा वर्षं मी तिथल्या स्वयंपाकघरात होते. त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार गावात कुणाला असेल तर तो मला आहे.

आम्ही एका वर्गातले. त्याच्या बापाचं मेन स्ट्रीटवर फर्निचरचं दुकान. शाळेत काही फुटलं, मोडलं, की वेंडेल दहा पावलं लांब उभा दिसायचा, भांग पाडून, हात मागे घेऊन. कधी सापडला नाही. कारण तो कधी काही करतच नसे. वर्गातली पोरं व्हिएतनामला गेली तेव्हा वेंडेलही लष्करात गेला. नाही कशाला म्हणू? पण त्याची नेमणूक झाली जर्मनीत, घोंगड्या नि बुटांच्या गोदामात. दोन वर्षांनी परत आला तो चार पौंड वजन वाढवून. माझा भाऊ एमिल त्याच उन्हाळ्यात परत आला आणि पुढं बारा वर्षं आईच्या तळघरात राहिला, पाठ भिंतीला लावून. त्या काळी होम नव्हतं. एमिल तळघरातच गेला.

गोदामात काम करण्यात पाप नाही. कुणीतरी घोंगड्या मोजायलाच हव्यात. पण वेंडेल 'आम्ही सैनिक' म्हणायचा ना, तेव्हा आवाज असा जड करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं याच्या मांडीत अजून गोळी आहे.

नन लोकांनी गावातलं आपलं इस्पितळ बंद केलं, इमारत रिकामी पडली, तेव्हा गावातल्या मोठ्या लोकांनी एक मंडळ काढलं. त्यात बँकवाला हार्लन बुडिग अध्यक्ष, मोटारींचा एक विक्रेता आणि दोन पाद्री. युद्धावरून आलेल्या, मनानं मोडलेल्या माणसांनी इथं तीन महिने राहायचं, उपचार घ्यायचे, माणसात बसायला शिकायचं आणि आपल्या घरी जायचं, अशी योजना होती. योजना चांगलीच होती. ती चालवायला त्यांना असा माणूस हवा होता जो लष्करात होता, सूट घालतो आणि उलट बोलत नाही. असा माणूस आमच्या जिल्ह्यात एकच.

आल्या आल्या त्यानं पहिलं काम केलं ते जेवणघराचं. ननांच्या काळात टेबलं भिंतीकडेनं होती, ती त्यानं मधोमध ओळीत लावली, वर फुलदाण्या ठेवल्या. फोटो छान आला. दुपारी पाहतो तर चाळीस माणसं आपापली ताटं घेऊन भिंतीला पाठ लावून उभी, उभ्यानंच जेवताहेत. पाठीमागं मोकळी जागा असली की त्या लोकांच्या घशाखाली घास उतरत नाही. वेंडेल मला विचारतो, "खुर्च्या एवढ्या महागाच्या आणल्या, बसत का नाहीत हे?"

मी म्हटलं, "तू जर्मनीत कसा जेवायचास, वेंडेल?"

"बसून."

"मग तुला नाही कळायचं."

शेवटी डॉक्टर नोरीन पाल्मक्विस्टनं टेबलं परत भिंतीला लावून घेतली. नोरीन आमची मानसोपचाराची डॉक्टर, उंच, हाडकुळी, कमी बोलणारी बाई. माणसं तिच्यासमोर तासतास गप्प बसायची आणि ती त्यांना गप्प बसू द्यायची. होममध्ये जे काही बरं झालं ते तिच्या खोलीत झालं. वेंडेलच्या खोलीत फक्त फोटो व्हायचे.

आता नियमाचं सांगते. मंडळ दरवर्षी एकच गोष्ट विचारायचं, की तीन महिने पुरे करून किती जण बाहेर पडले? देणग्या त्या आकड्यावर यायच्या. वेंडेल फार हुशार नव्हता, पण गोदामात एक गोष्ट तो शिकला होता. खराब माल मोजणीआधीच बाहेर काढला की मोजणी चांगली येते. होममध्ये दारू बंद होती, ते बरोबरच होतं. वेंडेलनं त्याला पुढं शेपूट जोडलं, की जो एकदा पिऊन आला तो त्याच दिवशी बाहेर, आणि शिस्त मोडून गेलेला माणूस मोजणीत धरायचा नाही. झालं. जो अवघड, जो रात्री ओरडतो, जो बैठकीत बोलत नाही, तो आज ना उद्या सुट्टीवरून एखादी बाटली पिऊन येणारच. मग इस्त्री दारात उभी, श्वास तपासायचं यंत्र घेऊन. मोजणीतल्या शंभरातले नव्वद जण 'पुरे' होत होते. काढलेले कधी आलेच नव्हते म्हणा.

ओरिन टिबेट्सला त्यानं असाच काढला. ओरिन साठीचा, व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरांचा मेकॅनिक होता. आला तेव्हा कुणाशी नजर मिळवत नसे. नोरीननं महिना घातला तेव्हा कुठं तो जेवताना 'मीठ दे' म्हणायला लागला. आणि तेवढ्यात फेब्रुवारीत त्याची बहीण वारली. तिला पुरून तो परत आला तो दारातच म्हणाला, मी एक बिअर घेतलीय, यंत्र कशाला काढता, मीच सांगतो.

वेंडेलनं त्याला खोलीत बोलावलं. नोरीनही गेली. पुढचं मला तिच्याकडून कळलं. नोरीन म्हणाली, हा माणूस स्वतः होऊन खरं बोलला, एवढं त्याला गेल्या वीस वर्षांत जमलं नव्हतं. आणि ताप आला म्हणून कुणी रुग्णाला इस्पितळातून हाकलतं का? वेंडेल टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिला. मग ओरिनला म्हणाला, "ओरिन, हा माझा निर्णय नाही. हा नियमाचा निर्णय आहे."

ओरिन म्हणाला, "मग नियमाला सांगा, बाहेर बर्फ पडतंय."

कचऱ्याच्या काळ्या पिशवीत त्याचं सामान भरून होमच्या गाडीनं त्याला पेट्रोल पंपावर सोडलं. बस तिथंच थांबते. त्या दिवशी बर्फामुळं बस आलीच नाही. पंपासमोर ग्रोव्हरचं टायरचं दुकान आहे. ग्रोव्हरनं दोन तास त्या माणसाला पिशवीवर बसलेला पाहिला आणि मग रस्ता ओलांडून जाऊन विचारलं की जॅक चालवता येतो का. ओरिन म्हणाला, हेलिकॉप्टरं चालायला लावलीत, जॅक काय. त्या रात्री तो दुकानामागच्या खोलीत झोपला, आणि तिथंच राहिला. पुढं वेंडेल ज्याला ज्याला काढी तो रस्ता चुकून म्हणा, नाही म्हणा, त्याच खोलीकडं वळायचा. मी उरलंसुरलं तिकडं पाठवत असे. मंडळाला वाटायचं आमच्याकडं अन्न वाया जात नाही. खरंच जात नव्हतं.

वेंडेलच्या अकलेचा कळस पाहायचा होता तो चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी. देणगीदारांना बोलवायचं, हिरवळीवर सहभोजन करायचं, अंधार पडताच आतषबाजी. आतषबाजी! ज्या माणसांना मोटारीचं दार आपटलं तरी घाम फुटतो त्यांच्या सन्मानार्थ. यावं की नाही हे ऐच्छिक आहे, असं त्यानं सांगितलं, आणि चाळीस खुर्च्यांवर चाळीस नावं चिकटवली. नोरीन रजेवर होती. ती रजा त्यानं उगाच नाही मंजूर केली.

पहिला बाण वर जायच्या आत मी सगळ्यांना स्वयंपाकघरात घेतलं. धुराचे पंखे सुरू केले, दोन्ही मिक्सर रिकामेच फिरवले, भांडी धुवायची यंत्रं लावली. एवढा गोंगाट केला की स्वतःचा आवाज ऐकू येईना. ज्याचे हात थरथरतात त्याच्या हातात कणीक दिली. एक मरीन सैनिक होता, दाराएवढा. तो टेबलाखाली बसून अर्धा तास एकच गोळा मळत होता, आणि मधून मधून मला विचारत होता, "एवढं बास का, बाई?" मी म्हणायची, "अजून थोडं."

संपल्यावर वेंडेल आत आला, कॉलरला छोटा झेंडा लावून. म्हणाला, "व्हर्ना, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पाहुणे काय म्हणतील?"

मी म्हटलं, "तूच बस ना जाऊन. आळीपाळीनं चाळीस खुर्च्यांवर."

माणसं हसली. टेबलाखालचा मरीनही हसला. वेंडेलनं ते ऐकलं नाहीसं केलं. ऐकलं नाहीसं करण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

मग त्याचा मुलगा परत आला.

कर्टिस एकुलता एक. अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आला. तो तिकडं असताना वेंडेलच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. चर्चमध्ये, न्हाव्याकडं, बँकेत आपलं 'आमचा कर्टिस'. परत आल्यावर 'आमचा कर्टिस' एकदम बंद. पोरगा बायको-मुलीबरोबर लिंकनला राहायचा. तिथून बायकोनं त्याला पाठवून दिला. वाईट म्हणून नव्हे, घाबरून. आईबापांच्या घरासमोर तो आपल्या ट्रकमध्येच झोपायचा, घरात यायचा नाही. वेंडेल शेजाऱ्यांना सांगायचा, त्याला मोकळी हवा आवडते. नोव्हेंबरात!

वेंडेलची बायको आर्डिथ सोशिक बाई. पंचेचाळीस वर्षं तिनं त्या पँटना घडी पाडली. पण त्या वेळी तिनं त्याला सरळ सांगितलं, की गावातल्या सगळ्यांच्या मुलांसाठी खाट आहे, माझ्याच नाही का? मग वेंडेलनं कर्टिसला होममध्ये आणलं. बाहेर माणसं महिनोन्महिने आपल्या पाळीची वाट पाहत होती. कर्टिसला आठवड्यात खाट मिळाली, तीही एकट्याची खोली. वर वेंडेलची अट अशी, की इमारतीत मला 'सर' म्हणायचं. आपण कुणाला झुकतं माप देत नाही, हे लोकांना दिसावं म्हणून!

कर्टिसला माझं स्वयंपाकघर आवडायचं, कारण त्याला मागचं दार आहे आणि ते सदैव उघडं असतं. यायचा आणि बटाटे सोलायचा. बापाचा एक गुण त्याच्यात नव्हता, बटाट्याची साल जाड काढायचा, काटकसर नाही. पहिले काही आठवडे मला 'मिसेस कुचेरा' म्हणण्यापलीकडं शब्द नाही. मग एकदा बटाट्याकडं बघतच म्हणाला, तिकडं त्याच्या हाताखाली नऊ जण होते, आणि तो रोज सकाळी जागा होतो तेव्हा आधी त्यांची मोजणी करतो. दोन कमी येतात. मग परत मोजतो.

मी त्याच्यापुढं आणखी बटाटे ठेवले. एमिलच्या वेळी मी फार बोलायची.

नोरीनकडं तो जाऊ लागला. बैठकीत बसू लागला. लिंकनहून मुलगी आली तेव्हा तिला त्यानं मांडीवर घेतलं, दाराकडं तोंड करून. बरं चाललं होतं. आणि मग मार्चात एका शनिवारी सुट्टीवर गेला तो त्याच्या हाताखालच्या एकाच्या आईला भेटून आला. त्या दोघांतल्या एकाच्या. रविवारी संध्याकाळी परतला तेव्हा नीट उभाही राहत नव्हता.

यंत्रानं काय दाखवायचं ते दाखवलं. दारावरच्या माणसानं वेंडेलला फोन केला. वेंडेल आला, यंत्र हातात घेतलं, हलवलं, फुंकलं आणि म्हणाला, "बिघडलंय हे." दुसऱ्या दिवशी नवं यंत्र आलं. जुनं त्यानं स्वतः कचऱ्यात टाकलं. मी म्हणते, त्या घटकेला मला तो माणूस आवडला असता. पोटच्या पोरासाठी बाप खोटं बोलला, त्यात काय! पण मग त्यानं म्हणावं ना, की माझंच चुकत होतं, नियम मोडीत काढतो, ओरिनला बोलवा. ते नाही. त्याच आठवड्यात दुसरा एक जण पिऊन आला तर नवं यंत्र व्यवस्थित चाललं, आणि काळी पिशवीही व्यवस्थित भरली गेली.

चाळीस माणसांच्या घरात काही लपतं का? कर्टिसला कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त त्याच्या शेजारी बसायचं थांबले.

होममध्ये रोज सकाळी जुन्या प्रार्थनाघरात बैठक व्हायची. गोल खुर्च्या, ज्याला जे सांगायचं ते त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. त्या दिवशी राज्य सरकारच्या एक बाई पाहणीला आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर हार्लन बुडिग. वेंडेलनं नवा टाय घातला होता. मी कॉफीचं भांडं घेऊन दाराशी होते. वेंडेलनं विचारलं, कुणाला काही सांगायचंय? असं तो पाहुण्यांसमोर फार गोड विचारायचा.

कर्टिसनं हात वर केला आणि उभा राहिला.

"सर, त्या रविवारी यंत्र बिघडलं नव्हतं."

वेंडेल म्हणाला, "कर्टिस, हे आपण नंतर माझ्या खोलीत बोलू."

"खोलीत नको. बैठक याचसाठी आहे, असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत. मी शनिवारी प्यालो, रविवारीही प्यालो. दुसरा कुणी असता तर त्याची पिशवी संध्याकाळच्या आत भरली असती. परवा एकाची भरलीत."

"बस खाली."

"मला इथं राहायचंय, सर. मला इथं बरं वाटायला लागलंय. पण राहायचं तर सगळे राहू देत, आणि जायचं तर मीही जातो. काय ते तुम्ही सांगा."

तो चिडलेला नव्हता. त्यानं हात खिशात घातले.

नोरीन तिच्या खुर्चीवरूनच बोलली. "वेंडेल, नियम आत्ता बदलता येईल. इथंच, दोन वाक्यांत. मी पाठीशी आहे."

त्या प्रार्थनाघरात त्या क्षणी वेंडेलच्या हाताशी काय नव्हतं! मुलगा समोर उभा, मार्ग दाखवणारी डॉक्टर समोर, चाळीस माणसं श्वास रोखून. साधा माणूस असता तरी त्याला सुचलं असतं. पण वेंडेलनं मुलाकडं पाहिलंच नाही. त्यानं पाहिलं सरकारी बाईंकडं, मग हार्लनकडं. मग घसा साफ केला, टाय सरळ केला आणि म्हणाला, "नियम तो नियम. या घरात सेडलाचेक आडनावाला सूट नाही."

हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं. सरकारी बाईंनी मान डोलावली.

कर्टिस म्हणाला, "हो, सर."

सामान फारसं नव्हतंच. जाताना तो माझ्या मागच्या दारानं गेला. पाटीत बटाटे अर्धे सोललेले होते, त्याकडं बघून म्हणाला, तेवढे राहिले. मी म्हटलं राहू देत, आणि सांगितलं की पंपासमोर टायरचं दुकान आहे, तिथं ओरिनला विचार. त्यानं मान हलवली. नाव त्यानं ऐकलेलं होतं.

आर्डिथला हे वेंडेलनं सांगितलंच नाही. तिला ते संध्याकाळी किराण्याच्या दुकानात हार्लनच्या बायकोनं सांगितलं, कौतुकानं. आर्डिथ भरलेली ढकलगाडी तिथंच सोडून घरी गेली, पाहुण्यांच्या खोलीतली गादी ट्रकच्या हौद्यात टाकली आणि ग्रोव्हरच्या दुकानी नेऊन दिली. वेंडेलचं जेवण तिनं बंद केलं नाही, पँटला इस्त्रीही करायची. बोलणं मात्र बंद केलं. त्याला ते कळायला बरेच दिवस लागले असणार, कारण त्या घरात बोलायचा तोच.

आता कुणालाही वाटेल, एवढ्यावर माणूस तोंड लपवून बसेल. वेंडेलनं काय केलं? त्यानं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. आधी रोटरीत, मग चर्चमध्ये, मग ओमाहाच्या कुठल्याशा परिषदेत. 'माझ्या स्वतःच्या मुलाला मी सूट दिली नाही.' यंत्र कचऱ्यात टाकल्याचा भाग त्यात नसे. मुलानं स्वतः उभं राहून सांगितलं, हेही हळूहळू गळलं. शेवटी शेवटी तर वेंडेलच रात्रभर जागून, प्रार्थना करून, सकाळी मुलाला बोलावून घेई. ऐकणाऱ्या बाया रुमाल काढायच्या. हेच करता करता त्या शरदात माजी सैनिकांच्या मदतीसाठी चालणाऱ्या एका मंडळानं त्याला पुरस्कार जाहीर केला. सचोटीबद्दल.

समारंभ गावच्या सभागृहात झाला. चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सिनॅमन रोल मीच केले. पगार घेत होते, करणं भाग होतं. होमच्या माणसांना दोन गाड्यांतून आणून मधल्या टेबलांवर बसवलं होतं, म्हणजे फोटोत येतील. आर्डिथची खुर्ची व्यासपीठाशेजारी होती आणि रिकामी होती. ती टायरच्या दुकानात नातीचा वाढदिवस करत होती.

वेंडेल बोलायला उभा राहिला. 'आम्ही सैनिक' झालं. कर्तव्य झालं. मग आवाज जड करून तो म्हणाला, "एक बाप म्हणून माझं काळीज त्या दिवशी..." आणि तेवढ्यात तो दाराएवढा मरीन उठला. त्यानं आपली वाटी उचलली, भिंतीकडं गेला आणि भिंतीला पाठ लावून, उभ्यानं खायला लागला. मग दुसरा उठला. मग सगळे. भिंतीकडेनं रांग लागली, सगळे वेंडेलकडं सरळ बघताहेत आणि चिली खाताहेत.

मला वाटलं, आता तरी. पण गावातली शहाणी माणसं काय समजली असतील? त्यांना वाटलं, सैनिक आदरानं उभे राहिले! हार्लन बुडिग उठला, त्याच्यामागं सगळं सभागृह उठलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वेंडेलनं छातीवर हात ठेवला. त्याला कळलं होतं. मी त्याचा चेहरा शाळेपासून ओळखते, मानेपर्यंत लाल झाला होता. तरी त्यानं पुरस्काराची ढाल दोन्ही हातांनी वर धरली.

नोरीननं ख्रिसमसच्या आधी राजीनामा दिला. दर मंगळवारी ती ग्रोव्हरच्या मागच्या खोलीत टायरांवर बसून तेच करू लागली जे होममध्ये करत होती. तिथं सगळं गोड झालं, असं समजू नका. त्यांच्यातला एक जण दुसऱ्या वसंतात नदीवर गेला तो आला नाही. कर्टिसही दोनदा पडला. दोन्ही वेळा ओरिननं त्याला गटारातून आणला, आंघोळ घातली आणि सकाळी हातात पाना दिला. उपदेश नाही. ओरिनला उपदेश येतच नाही. पुढं कर्टिस सावरला, म्हणजे जेवढं सावरता येतं तेवढा. दुकानाच्या वरची खोली त्यानं घेतली. मुलगी रविवारी येते. बायको तिला सोडायला वरपर्यंत येते, हल्ली कॉफीला थांबते. सकाळची मोजणी अजून करतो, पण म्हणतो आता एकदाच.

वेंडेल दोन वर्षांनी निवृत्त झाला. त्याचा मोठा फोटो जेवणघरात लागला. त्याच्या जागी आलेली बाई इराकमध्ये रुग्णवाहिका चालवत होती. तिनं नियमाचं शेपूट पहिल्याच महिन्यात कापलं. पिऊन आलेल्याला ती झोपू देते आणि सकाळी बैठकीत बसवते. आकडे आता वाईट येतात. हार्लन बुडिग प्रत्येक सभेत नाक मुरडतो आणि वेंडेलच्या काळची आठवण काढतो. काढू दे. त्याच्या बँकेत कुणी रात्री ओरडत नाही.

आणि वेंडेल? वेंडेल दर पंधरवड्याला गाडी घेऊन ग्रोव्हरकडं येतो. कधी चाकं अदलाबदल करून हवीत, कधी हवा कमी वाटते, कधी काही तरी खडखडतंय. काही खडखडत नसतं. परवा मी माझी गाडी घेऊन तिथं बसले होते. बाकावर एक नवं गिऱ्हाईक होतं, बाहेरगावचं. वेंडेल त्याच्याशेजारी जाऊन बसला, पँटची घडी सारखी केली आणि पाच मिनिटांत सुरू झाला, की बाप म्हणून एक फार अवघड निर्णय घ्यावा लागला होता मला. चार हातांवर, उघड्या दारातून दिसेल असा, कर्टिस वेंडेलच्याच गाडीखाली वाकलेला. त्याला सगळं ऐकू जात होतं. ओरिननं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार होते, पण कर्टिसनं नुसती मान हलवली, नको म्हणून.

काम झाल्यावर तो हात पुसत बाहेर आला आणि किल्ली बापाच्या हातात दिली.

"झालं, बाबा. शंभरेक मैल झाले की नट परत आवळून घ्या."

"इथंच येऊ ना?" वेंडेलनं विचारलं.

"या की," कर्टिस म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडं वळला.

वेंडेलनं किल्ली खिशात टाकली. मग मला म्हणाला, "बघितलंस, व्हर्ना? मी तेव्हा कडक वागलो म्हणूनच आज हा पायावर उभा आहे."

मी त्याला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. ग्रोव्हरनं रेडिओ मोठा केला.

तरी तो येतो. येतो, एवढं मी त्याच्या पदरात टाकते. याहून जास्त मागू नका.